पंचावन्न मैलांची मर्यादा

अमेरिकेत राहून जपानी बनावटीची छोटी मालमोटार विकत घ्यावयाची असेल, तर प्रथम जर्मनीत खपणाऱ्या अमेरिकन कोंबडीचा इतिहास समजावून घ्यावा लागतो, हे ज्ञान मला वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, उत्तर कॅरोलायना राज्यातील कॅरी या गावी, भाच्याच्या घरी, सकाळच्या चहाबरोबर प्राप्त झाले. १९६२ च्या सुमारास युरोपच्या सामायिक बाजारपेठेने अमेरिकेहून येणाऱ्या स्वस्त कोंबडीवर भारी जकात बसविली. वाटाघाटी झाल्या, त्या निष्फळ ठरल्या, आणि १९६३ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी फर्मान काढून बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलक्या मालमोटारी या चार जिनसांवर पंचवीस टक्के जकात लागू केली. मालमोटारीचे कलम घातले होते ते जर्मनांच्या फोक्सवॅगनवर रोख ठेवून. कालांतराने स्टार्च सुटला, ब्रँडी सुटली, तंट्याचे मूळ असलेल्या कोंबड्या तर केव्हाच पचून गेल्या. मालमोटारीवरील जकात मात्र जागच्या जागी राहिली, आणि जपानातील कोणा शेतकऱ्याने पाव शतकाहून अधिक काळ राबवून निवृत्त केलेल्या एका गरीब वाहनापोटी ती माझ्या भाच्याच्या खिशातून वसूल झाली. एकदा बसविलेली पट्टी उठविण्याची तजवीज कोणत्याही सरकारच्या दप्तरात नसते, ही महसूल खात्यात हयात घालवून झालेली माझी समजूत सातासमुद्रांपलीकडेही खरी ठरल्याचे पाहून, भाच्याचे नुकसान होत असतानाही मला आत कोठेतरी समाधान वाटले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

हे वाहन काय प्रकारचे असते, ते सांगितले पाहिजे. जपानात ‘केई’ नावाचा वाहनांचा एक वर्ग १९४९ पासून कायद्याने अस्तित्वात आहे. युद्धानंतरच्या विपन्नावस्थेत सामान्य माणसालाही स्वतःचे वाहन परवडावे, म्हणून लांबी, रुंदी आणि इंजिनाचे आकारमान यांवर मर्यादा घालावयाच्या आणि त्या पाळणाऱ्यास करात सूट द्यावयाची, अशी ही योजना. मर्यादा वेळोवेळी सैल होत गेल्या. १९९० पासून इंजिनाला ६६० घनसेंटिमीटरपर्यंत वाढण्याची मुभा मिळाली, आणि आमची गाडी ज्या १९९६ साली जन्मास आली, त्या साली लांबी ३.३० मीटर व रुंदी १.४० मीटर यांच्या बाहेर जाण्यास सक्त मनाई होती. हौद्यात ३५० किलोपर्यंत माल घालावा, अधिक घालू नये. या चौकटीत राहूनही एकेका कंपनीने आपापली बुद्धी अशी काही वेगळ्या दिशेने चालविली आहे की थक्क व्हावे: सुबारूने इंजिन थेट पाठीमागे नेले, ज्यामुळे तिच्या सांबारला तिकडे कौतुकाने ‘शेतवाटेवरची पोर्शे’ म्हणतात, होंडाने ते हौद्याखाली दडविले, आणि सुझुकीने ते सरळ बसणाऱ्यांच्या आसनाखाली ठेवून थंडीतील उबेची आणि उन्हाळ्यातील प्रायश्चित्ताची सोय एकाच खर्चात केली.

भाच्याने सुझुकीची कॅरी पसंत केली, ती माझ्या शब्दाखातर. १९८४ साली आपल्याकडे मारुतीची जी व्हॅन आली, आणि जिला पुढे सर्व महाराष्ट्र ओम्नी म्हणून ओळखू लागला, ती याच कॅरीच्या कुळातील; दोघींची तीन सिलिंडरांची इंजिनेही एकाच घराण्यातील, आपले फक्त अंगाने थोडे थोराड. ती व्हॅन मी कोल्हापुरात पुष्कळ वर्षे चालविली असल्याने, या कुळाचे गुणदोष मला अनुभवाने, आणि काही प्रमाणात बुडाखालून, ठाऊक होते. (गाव आणि गाडी यांचा उच्चार एकच, हा निव्वळ योगायोग, त्यावर भाच्याच्या मित्रमंडळींनी केलेल्या कोट्या येथे देत नाही.)

जपानात जुन्या गाड्यांचे लिलाव होतात, आणि प्रत्येक गाडीबरोबर एक परीक्षणपत्र येते. त्यावर गाडीची आकृती काढलेली असते आणि तिच्या अंगाअंगावर अक्षरे मांडलेली असतात: ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, ‘एस’ म्हणजे गंज, ‘डब्ल्यू’ म्हणजे दुरुस्ती केल्यावर पत्र्यावर मागे राहिलेली लाट, अक्षरापुढील आकडा दोषाची तीव्रता सांगतो. भाच्याने ते पत्र माझ्यापुढे ठेवले, तेव्हा मी चष्मा पुसून ते सांगून आलेल्या स्थळाच्या पत्रिकेप्रमाणे वाचू लागलो: उजव्या दाराच्या स्थानी एस दोन, म्हणजे गंजाची दृष्टी आहे; मागील फाळक्यावर यू तीन; एकूण श्रेणी साडेतीन; शेतकरी घराणे, अपघात नाही, स्वभाव कष्टाळू असावा.

“मामा,” सूनबाई आतून म्हणाली, “आमच्या लग्नाच्या वेळी एवढी चौकशी केली असतीत, तर बरं झालं असतं.”

भाचा मोठ्याने हसला. त्यात हसण्यासारखे त्याच्या बाजूने काहीच नव्हते, हे त्याला त्या दिवशी सायंकाळपर्यंत टप्प्याटप्प्याने समजत गेले.

अशा गाडीने अमेरिकेत पाऊल ठेवण्याबाबतचा कायदा १९८८ सालचा. परदेशातील गाडी इकडच्या सुरक्षानियमांत बसत नसेल तर तिने येऊ नये. परंतु तिच्या निर्मितीस पंचवीस वर्षे पूर्ण झाली असतील तर, नियमांत बसो वा न बसो, तिने खुशाल यावे. माणसाला अठ्ठावन्नाव्या वर्षी निकामी ठरवून घरी पाठविणारी सरकारे मी पाहिली होती, त्यांपैकी एकाची चाकरीही केली होती. परंतु कालपर्यंत धोकादायक असलेल्या वस्तूस पंचविसाव्या वाढदिवशी निर्दोष ठरविणारे सरकार प्रथमच पाहत होतो. एच. एस. ७ या नमुन्यावर सुरक्षेविषयी जबाब, ३५२०-१ या नमुन्यावर धुराविषयी जबाब, जपान सरकारचा नोंदणी रद्द केल्याचा दाखला, त्या दाखल्याचे इंग्रजी भाषांतर आणि जहाजाची भरतीपावती इतके दस्तऐवज तपासून, क्रमवार लावून, टाचून मी भाच्याच्या हाती दिले. तो म्हणाला, हे सर्व संगणकावरून पाठवायचे आहे. मी म्हटले, पाठव; पण टाचणी काढू नकोस.

राहता राहिला राज्याचा कायदा. उत्तर कॅरोलायनाने या चिमुकल्या मालमोटारींना रस्त्यावर येण्याची परवानगी दिली आहे, मात्र जेथे वेगमर्यादा ताशी ५५ मैल किंवा त्याहून कमी असेल अशाच रस्त्यांवर. म्हणजे ज्या प्रशस्त आंतरराज्य महामार्गांवरून हा सबंध देश डोळ्यांना झापडे लावून रात्रंदिवस धावत असतो, त्यांची दारे आम्हांस बंद. गाडी समुद्रकाठच्या विल्मिंग्टनजवळ एका व्यापाऱ्याच्या आवारात येऊन उभी होती. तेथून कॅरीला येण्यास चाळीस क्रमांकाचा महामार्ग दोन तास घेतो. आम्हांला तो ओलांडता येत होता, परंतु त्याच्यावर चढता येत नव्हते. भाचा खिन्न झाला. मी नकाशा मागविला, आणि ४२१ क्रमांकाच्या जुन्या रस्त्याने क्लिंटन, तेथून स्पाइव्हीज कॉर्नर, डन, मग ५५ क्रमांकाच्या रस्त्याने अर्विन, कोट्स, अँजिअर, फ्यूक्वे-व्हरिना, होली स्प्रिंग्ज आणि एपेक्स अशी मुक्कामांची फेरिस्त तयार केली. नवरात्र चालू होते. माझा नऊ दिवसांचा उपवास असल्याने सूनबाईने शेंगदाण्याचे लाडू आणि ताकाची बाटली बरोबर दिली, आणि भाच्याला “वाटेत काहीतरी खाऊन घे” एवढा मोघम हुकूम दिला.

आवारात गाडी प्रथम दृष्टीस पडली, तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंस दोन अमेरिकन पिकअप गाड्या उभ्या होत्या, आणि त्यांची नाके आमच्या गाडीच्या काचेच्या उंचीला येत होती. पांढरा रंग, तीन बाजूंनी पडणारे फाळके, बाराच इंचांची चाके. चालकाच्या खोलीमागे जी लोखंडी चौकट असते, तिला जपानी शेतकरी त्यांच्या देवळापुढील कमानीचे, तोरीचे, नाव देतात. आत आरशाला तिकडच्या कोठल्यातरी देवस्थानाचा प्रवासरक्षणाचा ताईत लोंबत होता. तो काढावा काय, असे भाच्याने विचारले. पत्रिकेतील एस दोन मी विसरलो नव्हतो. आयते मिळालेले संरक्षण परत करू नये, असा मी निर्वाळा दिला. पायाखालची रबरी सतरंजी उचलली तर खाली भाताची तुसे निघाली आणि तुसांखाली परीक्षणपत्रात न आलेला गंज निघाला. पण कोणतीही पत्रिका सर्व सांगत नाही.

प्रवासास आरंभ होताच एक अडचण उपस्थित झाली. भाचा इंजिनिअर होऊन अमेरिकेस आला तो सायकलवरून. मोटार चालविणे तो येथे शिकला, आणि येथील गाड्या आपले गिअर आपणच बदलतात. क्लच म्हणजे काय हे तो यूट्यूबवर पाहून आला होता. गाडीचे चाक उजवीकडे, गिअरची दांडी त्याच्या डाव्या हाताशी, म्हणजे माझ्या उजव्या हाताशी. दोन वेळा गाडी हिसका देऊन निपचित पडल्यावर आम्ही तोडगा काढला: चाक, ब्रेक आणि क्लच ही खाती त्याच्याकडे, गिअरचे खाते माझ्याकडे. तो “आता” म्हणून पाय दाबी आणि मी दांडी ओढी. १९१९ च्या सुधारणांनी आपल्या प्रांतांत जी द्विदल राज्यपद्धती आणली होती, तिच्यावर इतिहासकारांनी पुष्कळ टीका केलेली आहे. ती पद्धती ताशी पंचेचाळीस मैलांपर्यंत उत्तम चालते, असा माझा अनुभव आहे.

विल्मिंग्टन सोडताना केप फिअर नदीच्या पात्रात ‘नॉर्थ कॅरोलायना’ ही युद्धनौका उभी दिसते. दुसऱ्या महायुद्धात ती पॅसिफिक महासागरात जपान्यांशी लढली. १९४२ च्या सप्टेंबरात जपानी पाणबुडीने सोडलेला पाणतीर तिच्या कुशीत शिरला, तरी ती बुडाली नाही. पुढे तिला मोडीत काढण्याचे ठरले, तेव्हा या राज्यातील शाळकरी मुलांनीही नाणी गोळा केली, आणि १९६१ साली ती येथे आणून लोकांना पाहण्यासाठी ठेवण्यात आली. सुझुकीची पहिली कॅरी बाजारात आली तीही १९६१ सालीच. त्या अवाढव्य तोफांच्या टप्प्यातून आमची सातशे किलोंची जपानी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, कण्हत आणि थरथरत, रीतसर जकात भरून पुढे गेली. कोणी हरकत घेतली नाही.

पुढे पाइनची झाडी, मग शेते, मग पुन्हा झाडी. वेगदर्शकावर किलोमीटर होते. ५५ मैल म्हणजे ८८ किलोमीटर, असे भाच्याने कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून समोर डकविले होते, पण गाडी सत्तरावर गेली की चिटोरा थरथरून पायाशी पडे, आणि यापलीकडे वेगाचे अधिक सूक्ष्म दर्शक आम्हांस लागले नाही. आसनाखालून इंजिन असा गजर करी की बोलणे अशक्य व्हावे. मागून येणाऱ्या गाड्या प्रथम चिकटत, मग शेजारी येत, आणि शेजारी आल्यावर, पुढे न जाता, काचा खाली करून आमच्याकडे पाहत. डाव्या आसनावर, म्हणजे या देशातील चालकाच्या जागी, मी हाताची घडी घालून, कधी ताकाची बाटली तोंडाला लावून, तर कधी डोळे मिटून बसलेला. पुढे चाक नाही. एका बाईंनी मला झोपलेला पाहून असा कर्कश भोंगा वाजविला की मी खडबडून जागा झालो आणि सौजन्य म्हणून त्यांना नमस्कार केला. दोन्ही हात जोडलेले पाहिल्यावर त्या फार वेगाने निघून गेल्या.

या प्रवासात आम्ही एकाच वाहनाला मागे टाकले, आणि ते ट्रॅक्टर होते. उजवीकडे बसलेल्या चालकास समोरून काय येत आहे ते ट्रॅक्टरच्या आडून दिसत नाही; ते दिसते फक्त डावीकडच्यास. म्हणजे आता गिअरबरोबर दूरदृष्टीचेही खाते माझ्याकडे आले. मी डोके बाहेर काढून टेहळणी केली, “ये” म्हणालो, दांडी तिसऱ्यात टाकली, भाच्याने पाय दाबला, इंजिनाने किंकाळी फोडली, आणि आम्ही ट्रॅक्टरच्या मागील चाकापासून पुढच्या चाकापर्यंतचे अंतर इतक्या सावकाश कापले की ट्रॅक्टरवाल्याने गाडीविषयी दोन प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरेही त्याला मिळाली.

क्लिंटनला भाच्याला भूक लागली. येथे गाडीतून न उतरता खिडकीशी अन्न घेण्याची चाल आहे. खिडकी अर्थात डावीकडे, आणि डावीकडे मी. त्यामुळे तळलेल्या कोंबडीची मागणी नोंदविणे, दाम मोजणे, आणि तो गरम पुडा दोन्ही हातांनी स्वीकारून मांडीवर ठेवणे ही सर्व कर्तव्ये, नवरात्राच्या उपवासाच्या दिवशी, माझ्याकडून पार पडली. मी आयुष्यात कोंबडीला स्पर्श केलेला नाही. आणि जिच्यामुळे पंचवीस टक्के भुर्दंड पडला, तिला मांडीवर घेऊन बसण्याचा प्रसंग माझ्यावर यावा, हा काव्यगत न्याय म्हणावा की अन्याय, याचा विचार मी तेथील पेट्रोलपंपावर करीत असतानाच एक धिप्पाड शेतकरी गाडीभोवती प्रदक्षिणा घालू लागला. त्याने खिशातून टेप काढून हौदा मोजला. फाळके तिन्ही बाजूंनी पाडून पाहिले, पुन्हा लावले, पुन्हा पाडले. या भागात रताळ्यांची लागवड मोठी. रताळ्यांच्या उत्पादनात हे राज्य सबंध अमेरिकेत पहिले. त्याच्या पिकअपचा हौदा त्याच्या छातीशी येत होता, आमचा गुडघ्याच्या जरा वर. दिवसभर पेट्या उचलणाऱ्या पाठीला या फरकाची किंमत काय, हे त्याने मला शब्दांपेक्षा कमरेवर हात ठेवून अधिक स्पष्ट केले. शेवटी त्याने आपल्या गाडीतील रताळ्यांची एक पेटी उचलून आमच्या हौद्यात ठेवली आणि पैसे घेण्यास साफ नकार दिला. त्याला बहुधा हौद्यात वजन पडल्यावर पाटे किती बसतात एवढेच पाहावयाचे होते. माझ्या फराळाचा प्रश्न मात्र नवमीपर्यंत सुटला.

स्पाइव्हीज कॉर्नर हे चौफुलीवरचे चिमुकले ठिकाण एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे. पूर्वी या भागातील शेतकरी एका शिवारातून दुसऱ्या शिवारात हाका घालून निरोप पोहोचवीत. त्या कलेची आठवण म्हणून १९६९ पासून २०१६ पर्यंत येथे आरोळ्यांची राष्ट्रीय स्पर्धा भरत असे. सकाळपासून एकमेकांशी आरोळ्यांनीच बोलणारे आम्ही दोघे तेथे पोहोचलो, आणि नेमकी तेथे गाडी मिसिंग मारू लागली. तीनांपैकी एक सिलिंडर संपावर गेल्याचे मला तिच्या लयीवरून कळले. कोणता, ते कळेना. एका दुकानासमोर गाडी उभी करून आम्ही खाली उतरलो आणि आसन उचलले. पाहणाऱ्यांपैकी एकाने फार सहानुभूतीने विचारले, काय हरवले आहे. इंजिन पाहत आहोत, असे भाचा म्हणाला. गर्दी वाढली.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातील माझ्या जुन्या मिस्त्रींना दूरध्वनी लावला. येथे दुपारचे बारा, तेथे रात्रीचे साडेनऊ. त्यांचे जेवण नुकतेच झाले होते.

“साहेब, फोन जरा इंजनाजवळ धरा,” मिस्त्री म्हणाले. मी धरला. “हां. एक मेलंय. आता असं करा, कोरडं फडकं घ्या, चालू गाडीत प्लगची एकेक वायर उपसा. जी उपसल्यावर आवाज आणखी बिघडंल ती जित्ती. जिच्यानं काय फरकच पडणार न्हाई, ती मेलेली.”

पहिली वायर उपसली, आवाज बिघडला. दुसरी उपसली, बिघडला. तिसरी उपसली, इंजिनाला त्याचे सुखदुःख नव्हते. मिस्त्रींच्या सांगण्यावरून ती वायर दुसऱ्या टोकालाही काढून पाहिली, तर डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत तिचे टोक हिरवे पडलेले. भाच्याच्या खिशातील चिल्लर नाण्याच्या कडेने ते खरवडले, वायर दाबून बसविली, आणि गाडी तीन सुरांत बोलू लागली. जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजविल्या. कोणीतरी मिस्त्रींचा पत्ता विचारला, मी सांगितला. येथून किती मैलांवर आहे, असा पुढचा प्रश्न आला, तेव्हा भाच्याने गाडी सुरू केली.

अँजिअरच्या अलीकडे मागे निळे दिवे लागले. आम्ही बाजूला थांबलो. तरुण पोलीस अधिकारी अदबीने डाव्या खिडकीशी आला आणि माझ्याकडे परवाना मागू लागला. मी विनयाने सांगितले की मी गाडी चालवीत नव्हतो. धावत्या गाडीत डावीकडे मीच बसलो होतो हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, असे तो तितक्याच विनयाने म्हणाला. मी हात बाजूला करून, चाक नसल्याची जागा त्यास दाखविली. तो बराच वेळ त्या जागेकडे पाहत राहिला. नंतर तो वळसा घालून उजवीकडे गेला, त्याने कागद पाहिले, सर्व नियमानुसार असल्याचे मान्य केले, आणि मग टोपी काढून विचारले की असली एखादी त्याच्या आजोबांसाठी कोठे मिळेल.

गाडी घरी पोहोचली, ती रोजच्या उपयोगाची करण्याचे काम निराळे. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या येथील मद्यार्कमिश्रित पेट्रोलने फुगून फुटतात, म्हणून पेट्रोलच्या सर्व नळ्या नव्या; टायमिंग बेल्ट केव्हा बदलला याची नोंद नसेल तर तो बदललेला नाही असेच धरावयाचे, म्हणून बेल्ट आणि त्याबरोबर पाण्याचा पंप; डिस्ट्रिब्यूटरची टोपी, प्लग, वायरी; सतरंजीखालचा गंज खरवडून त्यावर प्रायमर. टायर ही मोठी विवंचना. बारा इंची टायर येथील दुकानांत मिळतात, पण ते गाडीमागे ओढावयाच्या ट्रेलरचे. ते भार वाहतात, वळण घेण्याची जबाबदारी त्यांच्यावर कोणी टाकलेली नसते. योग्य ते १४५ आर १२ मापाचे टायर दूरच्या एका व्यापाऱ्याकडून मागविले. टॅपेटचे काम मिस्त्रींनी दूरध्वनीवरून करून घेतले: थंड इंजिनावर, फिलर गेज घालून, “सरकली पायजे पर धरून सरकली पायजे” या एका सूत्रावर. भाच्याने कोष्टकातील शतांश मिलिमीटरांचे आकडे पाहिले. दोघांचे उत्तर एकच आले, याचे आश्चर्य भाच्याला वाटले. मिस्त्रींना वाटले नाही.

खंडेनवमीला गाडी ठोकळ्यांवर होती. चारी चाके बाहेर, आसन बाहेर, ब्रेकचे ड्रम उघडे. शस्त्रपूजेच्या पाटावर सूनबाईने दहा, बारा आणि चौदाचे पाने, फिलर गेज आणि ग्रीसचा डबा मांडून त्यांना हळद-कुंकू वाहिले, आणि झेंडूची माळ लोखंडी तोरीला घातली. ताईतालाही एक फूल वाहिले.

नोंदणीच्या कचेरीतील प्रकरण मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात तक्रारीस जागा नाही. अमेरिकन संगणकास गाडीचा सतरा अक्षरांचा क्रमांक लागतो. जपानी चौकटीवरील क्रमांक त्याहून पुष्कळ आखूड असतो. उरलेल्या जागी काय भरावे? खिडकीमागील कारकूनबाईंनी डोक्याला हात लावला नाही, उद्या या म्हटले नाही. एक जाड पुस्तक काढले, त्यातील जुन्या वाहनांचे कलम शोधले, वरिष्ठांची स्वाक्षरी आणली आणि शिक्का मारला. शिक्का मारण्यापूर्वी त्यांनी तो किंचित फुंकला. या एका कृतीवरून मी त्यांना ओळखले, आणि आम्ही परस्परांच्या खात्यांविषयी थोडे बोललो. राइट बंधूंनी १९०३ साली याच राज्यातून पहिले विमान उडविल्यामुळे येथील वाहनांच्या पाट्यांवर ‘उड्डाणात प्रथम’ अशा अर्थाचे घोषवाक्य असते. चढणीवर जिला पोस्टाची गाडी मागे टाकते, अशा आमच्या गाडीवर ती पाटी चढली.

त्यानंतर गाडीची कीर्ती महाराष्ट्र मंडळात पसरली. दिवाळीच्या स्नेहसंमेलनासाठी खुर्च्या, ध्वनिक्षेपक, चिवड्याचे डबे. कोणाच्या बागेसाठी खताची पोती. कोणाचा जुना पियानो, ज्यास मी वजनाचे कारण दाखवून नकार दिला. मागण्या इतक्या वाढल्या की व्यवस्था लावणे प्राप्त झाले. मी एक नोंदवही आखली: अनुक्रमांक, अर्जदार, मालाचे वर्णन, अंदाजे वजन, मार्गावरील कमाल वेगमर्यादा, आणि शेरा. तोंडी अर्ज विचारात घेतले जाणार नाहीत, असे पहिल्या पानावर लिहिले. भाच्याने ही वही संगणकावर ठेवण्याचे सुचविले. मी ती सूचना दप्तरी दाखल केली.

परवा शेजारचे अमेरिकन गृहस्थ आले. त्यांच्या दारात एक प्रचंड काळी पिकअप असते, जी ते दर रविवारी स्वतः धुतात. त्यांना बाजारातून सहा फुटी लाकडी कपाट आणावयाचे होते. त्यांच्या पिकअपचा हौदा साडेपाच फुटी. फाळका उघडा ठेवून कपाट आले असते, पण त्याच्या रंगास ओरखडा जाईल अशी त्यांना धास्ती. आमचा हौदा सहा फुटांहून थोडा अधिक. मी वही काढली, अर्ज त्यांच्या समक्ष लिहून घेतला, आणि शेऱ्याच्या रकान्यात नोंद केली: ‘अर्जदाराचे स्वतःचे वाहन मागितलेल्या वाहनाच्या तिप्पट वजनाचे असूनही त्याचा हौदा अर्धा फूट अपुरा पडतो, सबब मंजूर. परतताना टाकी भरून देणे.’ हे काय लिहिले आहे, असे त्यांनी विचारले नाही. सही कोठे करावयाची, एवढेच विचारले, आणि ज्या लिपीतील एक अक्षर त्यांना लागत नव्हते त्या मजकुराखाली निःशंकपणे सही ठोकली. सरकारी नोकरीत एवढी वर्षे काढली, पण इतका आदर्श अर्जदार मला त्या खात्यात एकदाही भेटला नव्हता.